बॉम्बे आर्ट सोसायटी आणि होतकरू चित्रकार



चित्रांविषयी आकाशवाणीवरून बोलावयाचे म्हणजे डोळ्यांचा विषय कानांच्या स्वाधीन करणे होय. गायनावर बोलणाऱ्याला निदान दोन सूर आळवून दाखविता येतात. मला येथे बसून आपणांस एक रेघदेखील दाखविता येणार नाही. म्हणून आज चित्रांपेक्षा चित्रांना मिळणाऱ्या आश्रयाविषयीच बोलावे असे मी योजिले आहे. आणि तो विषयही मोठा असल्यामुळे मुंबईच्या एकाच संस्थेचा, बॉम्बे आर्ट सोसायटीचा, वृत्तान्त मी निवेदन करणार आहे.

मी काही कलेचा विद्वान नव्हे. मॅट्रिक झालो, चित्रकला-शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि एका तालुक्याच्या गावी तेहतीस वर्षे ड्रॉइंग मास्तर म्हणून काढली. या संस्थांचा इतिहास जाणून घेण्याची इच्छा मला झाली ती मात्र एका फुटलेल्या काचेमुळे. १९८१ साली, एकविसाव्या वर्षी, घाटरस्त्याचे एक जलरंगातील चित्र मी एका वार्षिक प्रदर्शनाकडे पाठविले होते. चौकट गावच्या सुताराने केली. ती चित्राच्या मानाने फारच जड झाली. सगळे फळ्यांत बांधून एस. टी.च्या टपावर चढविले. तीन आठवड्यांनी पेटी परत आली. काच फुटलेली होती आणि चित्राच्या पाठीवर ‘नापसंत’ असा जांभळ्या शाईचा शिक्का होता. ते प्रदर्शन कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. चित्र खरोखरच सामान्य होते, हे आज मी जाणतो. परंतु त्या दिवशी मनात आले की, हा शिक्का करवून घेणारी मंडळी कोण? इतरांच्या चित्रांस हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार त्यांच्याकडे कसा आला? आणि अशी मंडळी मुळीच नसती, तर आमच्यासारख्यांचे अधिक बरे झाले असते काय?

या प्रश्नाचे उत्तर पाहू गेल्यास एकोणिसाव्या शतकातील मुंबईत जावे लागते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांच्यासारखे शिक्षक तिला लाभले. ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड घेत, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे तरुण त्या कामात होते. वाघरांच्या त्या दरीत, वटवाघळांच्या संगतीत, या मुलांनी जे श्रम केले त्यांचे फळ विलायतेस रवाना झाले. आणि त्यातील बराच भाग लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात १८८५ सालच्या आगीत भस्म झाला. तात्पर्य, हात तयार झाले होते. त्या हातांचे काम आपल्याच गावच्या लोकांनी पाहावे, त्यावर बोलावे, जमल्यास विकत घ्यावे, अशी सोय मात्र झालेली नव्हती. चित्रकार शिकून बाहेर पडला की त्याने एखाद्या संस्थानिकाच्या दरबाराचा आश्रय शोधावा, साहेबलोकांच्या तसबिरी रंगवाव्यात, नाही तर शाळेत खडू हाती धरावा, एवढेच मार्ग होते. (यांतला तिसरा मार्ग अद्यापि मोकळा आहे, हे मी स्वानुभवाने सांगतो.)

अशा वेळी, १८८८ साली, बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली. संस्थापक बहुतेक इंग्रज होते. कोणी सरकारी अधिकारी, कोणी व्यापारी, कोणी फावल्या वेळात रंगांची पेटी घेऊन बसणारे हौशी. सिमल्यास अशाच मंडळींची एक संस्था त्याआधीच निघाली होती. अमलदाराने मॅथेरानच्या कड्याचे चित्र काढावे, त्याच्या मित्राने फुलांचे काढावे, आणि वर्षातून एकदा सर्वांनी ती भिंतीवर टांगून परस्परांची वाखाणणी करावी, असा या कार्यातील पुष्कळसा भाग होता हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडील काही लेखक एवढ्यावरच थांबतात आणि संस्थेस परक्यांचा क्लब ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. क्लबाच्या दारावर पहारेकरी असतो. या संस्थेने वार्षिक प्रदर्शनासाठी जी पद्धत घातली तिच्यात प्रवेशपत्र भरून कोणालाही आपले काम परीक्षकांपुढे ठेवता येत होते. संस्थापकांच्या मनात काय होते हा निराळा प्रश्न. दार मात्र उघडे राहिले, आणि उघड्या दारातून कोण येईल हे घरमालकाच्या हाती राहत नाही.

पहिला महत्त्वाचा पाहुणा आला तो कोल्हापूरचा. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७ चा. १८९० साली ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पाच वर्षांनी, १८९५ साली, सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. हे पदक मिळविणारे ते पहिले हिंदी चित्रकार. चित्राचा विषयही लक्षात ठेवण्याजोगा आहे: मराठी घरात लक्ष्मीचे आगमन होते त्या विधीचा. परीक्षकांच्या घरी काही गौरी-लक्ष्मी येत नव्हत्या. तरीही उंबरठ्यावरची सुवासिनी, तिचे लुगडे, तिच्या चेहऱ्यावरील भाव यांतील सत्य त्यांना ओळखता आले, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. पुढच्याच वर्षी धुरंधर त्याच कलाशाळेत शिक्षक झाले. १९३० साली तेथील संचालकपदाची सूत्रेही त्यांच्या हाती आली. १९४० साली त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त प्रसिद्ध केले. ज्यांच्या घरी जुन्या पुस्तकांचे कपाट असेल त्यांनी ते अवश्य शोधावे. धुरंधरांची कन्या अंबिका १९३१ साली याच कलाशाळेची पदविका घेऊन बाहेर पडली, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हे.

आजच्या तरुणांना एका पदकाचे महत्त्व कदाचित वाटणार नाही. ते त्या काळच्या घरात बसून पाहावे लागते. मुलगा मुंबईस चित्रे काढावयास शिकतो, असे सांगताना वडिलांनी आवाज खाली आणावा अशी तेव्हाची स्थिती. कारकुनी, वकिली, मास्तरकी ही विद्येची फळे. चित्रे काढणे हा एक तर राजेरजवाड्यांचा शोक, नाही तर जिनगराचा धंदा. अशा घरात वर्तमानपत्रातून पदकाची वार्ता आली म्हणजे वडिलांचा आवाज परत आपल्या जागी येत असला पाहिजे. माझ्या वडिलांच्या आवाजावरून मी हा अंदाज बांधतो. पदक मला मिळाले नाही, पण कलाशिक्षकाची नोकरी मिळाली त्या दिवशी ते शेजाऱ्यांशी मोठ्याने बोलले.

धुरंधरांच्या पाठोपाठ १८९६ साली गणपतराव काशीनाथ म्हात्रे यांचे ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प पुढे आले आणि सोसायटीच्या पारितोषिकाने गौरविले गेले. म्हात्रे तेव्हा विद्यार्थीच होते. पूजेचे साहित्य घेऊन देवळाच्या वाटेने निघालेली, नऊवारी नेसलेली तरुणी, जवळजवळ हयातीच्या आकाराची, प्लास्टरमध्ये. ग्रीक पुतळ्याच्या अंगावरील वस्त्राच्या चुण्या आमच्या मुलांना रोज गिरवाव्या लागत. त्याच अभ्यासातून हा तरुण आपल्या बहिणीच्या लुगड्याच्या निऱ्यांपर्यंत येऊन पोहोचला. सर जॉर्ज बर्डवुड यांनी या कृतीची स्तुती केली, रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगालीत तिच्यावर लिहिले. पुढे म्हात्रे यांना मोठमोठी कामे मिळाली. मुंबईतील न्यायमूर्ती रानडे यांचा पुतळा त्यांच्याच हातचा आहे. चर्चगेटच्या बाजूने जाणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना शिल्पकाराचे नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

आता या प्रदर्शनाची रीत थोडी सांगितली पाहिजे, कारण पुढील भांडणे तिच्यातूनच उत्पन्न झाली. चित्रकाराने प्रवेशपत्र व शुल्क भरावे, चित्र चौकटीत बसवून पोहोचते करावे. निवड-मंडळाने एकेक चित्र पाहून ठेवावे वा वगळावे. ठेवलेली चित्रे कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर लागावी हे ठरवावयास निराळी दृष्टी लागते. दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगलेले चित्र निवडूनही न निवडल्यासारखेच. मग परीक्षकांनी पदके व पारितोषिके ठरवावीत. सूचिपत्रकात चित्राचा क्रमांक, नाव व किंमत छापावी. विकल्या गेलेल्या चित्राखाली तांबडी टिकली लागते. ती टिकली पाहण्यासाठी चित्रकार दिवसातून चार वेळा त्या भिंतीपाशी येरझाऱ्या घालतो आणि दर वेळी सहज आल्यासारखे दाखवितो.

यांतील चौकटीविषयी माझी एक जुनी तक्रार आहे, तीही सांगून टाकतो. बाहेरगावच्या गरीब मुलाला प्रदर्शनाच्या दारापासून दूर ठेवणारी गोष्ट परीक्षकांची अभिरुची नसून चौकट व वाहतूक ही होय. कागद आणि रंग कसेही मिळतात. चौकट, काच, पेटी, गाडीभाडे यांचा खर्च चित्राच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. आणि चित्र नापसंत झाल्यास तोच खर्च उलट दिशेने पुन्हा करावा लागतो. कलेला उत्तेजन देणाऱ्या आमच्या संस्थांनी पदकांचे सोने थोडे पातळ करून त्यातून चौकटी पुरविल्या असत्या, तर जिल्ह्याजिल्ह्यांतील कितीतरी मुले आज निराळ्या ठिकाणी दिसली असती, असे माझे स्पष्ट मत आहे. असो.

विसाव्या शतकाच्या आरंभी सोसायटीच्या भिंती हिंदी चित्रकारांनी भरू लागल्या. कारभार मात्र पुष्कळसा युरोपीयांच्या हाती राहिला. हा विसंवाद फार दिवस चालणे शक्य नव्हते. १९१८ साली सावळाराम लक्ष्मण हळदणकर प्रभृती चित्रकारांनी पुढाकार घेऊन आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही हिंदी कलावंतांची स्वतंत्र संस्था स्थापिली. हळदणकर सावंतवाडीचे, जलरंगावर त्यांच्याइतकी हुकमत फार थोड्यांची होती. नवी संस्था काढल्यावर जुनीशी त्यांनी अबोला धरला असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. १९२५ साली एका वृद्ध मुसलमान यात्रेकरूच्या जलरंगातील चित्राबद्दल बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक याच हळदणकरांना मिळाले. संस्थेविरुद्ध तक्रार करावी, निराळी चूल मांडावी, आणि तरीही वर्षाच्या वर्षाला आपले चित्र तिच्या भिंतीवर नेऊन लावावे. हा रिवाज मुंबईत तेव्हापासून पडला असे म्हणण्यास हरकत नाही. मध्यंतरीच्या काळात मुंबई श्रेष्ठ की बंगाल, तैलरंग बरा की अजिंठ्याची रेषा बरी, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ शाई खर्ची पडली. तिच्यात शिरण्याची आज आवश्यकता नाही.

१९३७ सालाकडे मात्र वळले पाहिजे. अमृता शेरगिल हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पॅरिसमध्ये शिकून ही तरुणी १९३४ च्या अखेरीस हिंदुस्थानात परत आली. १९३५ साली तिने सिमल्याच्या संस्थेकडे दहा चित्रे पाठविली. त्या मंडळींनी त्यांपैकी पाच परत केली आणि राहिलेल्यांपैकी एका चित्राला बक्षीस दिले. अमृतेने ते बक्षीस साभार परत धाडले. माझ्यासारख्या ‘नापसंत’ शिक्का मुकाट्याने पुसून टाकणाऱ्या माणसाला या बाणेदारपणाचे कौतुक वाटते; पण तो परवडण्यासाठी अंगी तितके सामर्थ्यही असावे लागते. पुढे १९३६ च्या अखेरीस ती मुंबईस आली, कार्ल खंडालावाला यांच्यासारख्या जाणत्याशी तिची ओळख झाली, अजिंठा-वेरूळ तिने पाहिले. आणि १९३७ च्या वार्षिक प्रदर्शनात बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले. रंगीत वस्त्रांतील तीन मुली जवळजवळ बसल्या आहेत, तिघींची दृष्टी खाली आहे, आणि आपल्या आयुष्यात पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्यांना कळून चुकलेले दिसते. चित्रात याहून काही नाही. तेव्हाच्या नजरेला गोड वाटणारे तर त्यात काहीच नव्हते. सिमल्याच्या भिंतीवर जे मावले नाही ते मुंबईच्या भिंतीवर मानाने मावले. चित्रकर्तीचे वय तेव्हा अवघे चोवीस. आणखी पाच वर्षेही तिला लाभली नाहीत. १९४१ च्या डिसेंबरात लाहोरला ती वारली.

याच सुमारास मध्य युरोपातील संकटाने मुंबईला तीन कलारसिक मिळवून दिले. वॉल्टर लँगहॅमर हे व्हिएन्नाचे चित्रकार. पत्नी ज्यू असल्यामुळे हिटलरच्या सावटातून निघून ते मुंबईस आले आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक झाले. रुडॉल्फ फॉन लायडेन यांचे शिक्षण भूगर्भशास्त्राचे. ते कलासमीक्षा लिहू लागले. इमॅन्युएल श्लेसिंगर उद्योजक होते. ते तरुणांची चित्रे रोख पैसे देऊन विकत घेत, आणि उत्तेजनाचा याहून सोपा प्रकार अजून कोणी शोधून काढलेला नाही. लँगहॅमर यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. युरोपातील चित्रांचे छापील नमुने पाहावेत, एकमेकांच्या कामावर बोलावे, असा तो अड्डा असे. लँगहॅमर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या कारभारातही होते. केंब्रिजहून परत आलेले केकू गांधी यांनी १९४१ साली चौकटी तयार करण्याचा कारखाना काढला, आणि आपल्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत तरुणांची चित्रे मांडावयास आरंभ केला. माझ्या चौकटीच्या तक्रारीची दाद घेणारा निदान एक माणूस इतिहासात सापडतो, याचा मला संतोष आहे. गांधीही पुढे सोसायटीचे चिटणीस झाले.

या मंडळींच्या नजरेस जे तरुण पडले त्यांच्याकडे पाहिल्यास आश्चर्य वाटते. सैयद हैदर रझा मध्य प्रांतातील जंगलखात्याच्या एका अधिकाऱ्याचा मुलगा. मुंबईत ब्लॉक बनविणाऱ्या कारखान्यात नोकरी करून उरलेल्या वेळात शहराचे रस्ते रंगवीत असे. १९४६ साली त्याचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन सोसायटीच्याच दालनात भरले व रौप्यपदक मिळाले. १९४८ साली सुवर्णपदक. मकबूल फिदा हुसेन सिनेमाचे भलेमोठे फलक रंगविणारा. १९४७ च्या वार्षिक प्रदर्शनात ‘सुनहरा संसार’ हे त्याचे चित्र लागले, आणि तेथून त्याच्याकडे जाणत्यांचे लक्ष गेले.

पण मला विशेष सांगावयाचे आहे ते कृष्णाजी हौलाजी आरा यांच्याविषयी. आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादेजवळच्या बोलारमचा. वयाच्या सातव्या वर्षी हा मुलगा घर सोडून मुंबईस पळून आला. लोकांच्या घरी घरगड्याचे काम केले, मोटारी पुसल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. शाळा नाही, कलाशाळा तर नाहीच. चित्रे मात्र काढीत राहिला. लायडेन यांनी त्याचे काम पाहिले, लँगहॅमर यांनी धीर दिला. १९४२ साली पहिले प्रदर्शन झाले आणि १९४४ साली गव्हर्नरांचे पारितोषिक मिळाले. मोटारी पुसणाऱ्या हाताला प्रांताच्या गव्हर्नराचे पारितोषिक!

एवढे झाल्यावर १९४७ साल उगवले. देश स्वतंत्र झाला. आरा यांनी त्या आनंदाच्या मिरवणुकीचे एक भव्य चित्र रंगविले व सोसायटीकडे पाठविले. ते नाकारले गेले.

परीक्षकांच्या दृष्टीने विचार केला तर कारणे पुष्कळ सांगता येतील. रेखाटन शाळेच्या नियमात बसत नसेल, रंग अंगावर येत असतील, आकार भिंतीला परवडणारा नसेल. या कारणांची मला चांगली ओळख आहे, कारण तीच मी वापरली आहेत. आमच्या तालुक्यात शाळाशाळांची चित्रस्पर्धा होई. एका वर्षी परीक्षक मीच होतो. विषय बैलपोळा. सातवीतल्या एका मुलाने बैल तांबडे भडक रंगविले होते, आभाळ हिरवे, आणि सर्व माणसे बैलांच्या पोटाखाली. मी ते चित्र बाजूला काढून ठेविले. त्याच्या शिक्षकांनी विचारले तेव्हा, ‘मुलाने आधी बैल नीट पाहावा’ असे मी म्हणालो. मुलगा दाराशी उभा आहे हे मला ठाऊक नव्हते. पुढे आठवीत तो आमच्याच शाळेत आला, पण एलिमेंटरी परीक्षेला बसला नाही. चित्रकलेच्या तासाला वहीची पाने कोरीच असत. आज त्याचे बाजारपेठेत फ्लेक्स छापण्याचे दुकान आहे. मला पाहिले की अदबीने उठून उभा राहतो. त्या चित्राविषयी आम्ही कधीही बोललो नाही. ते चित्र मी सांभाळून ठेवावयास हवे होते. स्पर्धेनंतरच्या रद्दीत ते गेले.

आरा यांच्या पाठीशी मात्र मित्र उभे राहिले. गोव्याच्या सालगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा हे स्वभावानेच लढवय्ये. ‘चले जाव’च्या चळवळीच्या दिवसांत त्यांना जे. जे. कलाशाळेतून काढून टाकण्यात आले होते. आरांचे चित्र नाकारले गेल्याचा त्यांना संताप आला, आणि १९४७ च्या अखेरीस प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मंडळाच्या स्थापनेस जी कारणे झाली त्यांत हा प्रसंग प्रमुख मानला जातो. सूझा, रझा, आरा, हुसेन, अमरावतीकडचे हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे, असे हे सहा जण. एक हिंदू घरचा पळून आलेला घरगडी, दोन मुसलमान, एक ख्रिस्ती, एक विज्ञानाचा शिक्षक, एक मूर्तिकार. पैसा कोणाजवळच नव्हता. जुन्या संस्थेची अभिरुची मोडून काढण्याची भाषा त्यांनी उघडपणे केली.

आणि या मंडळाचे पहिले सामुदायिक प्रदर्शन १९४९ च्या जुलैत कोठे भरले? रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच दालनात. मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. ज्या घराशी भांडण, त्याच घराची ओसरी. आणि घरानेही ती दिली. या गोष्टीवर आमच्याकडे फारसे कोणी लिहीत नाही. बंडखोरांच्या शौर्यावर ग्रंथ झाले, संस्थेच्या ‘नापसंत’ शिक्क्यावर टीका झाली, ती योग्यच होती. पण आपल्याविरुद्ध बोलणाऱ्यांच्या चित्रांसाठी भिंत मोकळी करून देण्याचे औदार्य ज्यांनी दाखविले त्यांचेही नाव निघावयास हवे. मला तर पदकांहून हे मोलाचे वाटते. परीक्षक चुकतातच, पन्नास वर्षांचा डोळा वीस वर्षांच्या हाताला नेहमीच पुरा पडेल असे नाही. परंतु भिंत जर परीक्षकाच्या चुकीनंतरही त्या तरुणासाठी मोकळी राहिली, तर चूक दुरुस्त होण्यास जागा राहते. १९५२ साली ती झाली. ‘दोन सुरया’ या चित्राबद्दल बॉम्बे आर्ट सोसायटीने आपले सुवर्णपदक कृष्णाजी आरा यांना अर्पण केले.

त्याच वर्षी सर कावसजी जहांगीर यांनी पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून काळा घोडा येथे जहांगीर कलादालन उघडले आणि मुंबईच्या चित्रकारांची भिंतीची चणचण पुष्कळ कमी झाली. प्रोग्रेसिव्ह मंडळातील सूझा १९४९ साली विलायतेस गेले, रझा १९५० साली फ्रान्सला. मंडळ काही वर्षांत पांगले. आरा मात्र मुंबईतच राहिले. ते अविवाहित होते. शेजारच्याच आर्टिस्ट्स सेंटरचे काम त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. कोणी अनोळखी मुलगा काखेत कागदांची गुंडाळी घेऊन आला की तो ज्यांच्यापुढे ती सोडी ते गृहस्थ बहुधा आरा असत. १९८५ साली त्यांचे निधन झाले. माझी घाटरस्त्याची पेटी मी १९८१ साली बांधली तेव्हा ते हयात होते, आणि मला त्यांचे नावदेखील ठाऊक नव्हते. मुंबईस जाऊन ती गुंडाळी त्यांच्यापुढे सोडली असती तर ते काय म्हणाले असते, हा विचार अजूनही कधीकधी मनात येतो.

यानंतरचा सोसायटीचा इतिहास मी थोडक्यात आटोपतो. वार्षिक प्रदर्शन अखिल भारतीय झाले. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही ते भरत राहिले. १९४१ चे सुवर्णपदक मिळविणारे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे आणि हुसेन, या दोघांच्या नावाने सोसायटीने तरुणांसाठी शिष्यवृत्ती ठेविली. ज्येष्ठांसाठी रूपधर पुरस्कार ठेविला. वांद्र्याच्या रेक्लमेशनवर संजय पुरी यांनी योजिलेली संस्थेची स्वतःची वास्तू २०१३ साली उभी राहिली.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, आमच्याच गावच्या शिंप्याची मुलगी, पुढे कलामहाविद्यालयात शिकत असताना एका वर्षी तिचे चित्र वार्षिक प्रदर्शनात निवडले गेले. चौकटीचे पैसे मी दिले होते. रात्रीच्या एस. टी.ने आम्ही तिघे, ती, तिचे वडील आणि मी, मुंबईस गेलो. चित्र एका खांबाच्या आड, जरा खाली लागले होते. शिंपीबुवांनी सूचिपत्रकात क्रमांक काढून मुलीचे नाव दोनदा वाचले आणि मग चित्राकडे न पाहता शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांस ते बोट ठेवून दाखविले. त्या गृहस्थांनी चष्मा काढून चित्र पुष्कळ वेळ पाहिले, निळ्या रंगाविषयी तिला काहीतरी विचारले. तिने उत्तर दिले. मी दूर होतो, मला ऐकू आले नाही. तांबडी टिकली काही लागली नाही. प्रदर्शन संपल्यावर ती चित्र परत घेऊन आली, काच शाबूत होती. पुढल्या वर्षी तिने पुन्हा प्रवेशपत्र भरले, आणि चौकटीचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत.